आधी डोळे, मग अंग

इंदू, तुझी विद्यार्थिनी रेश्मा चार दिवसांपूर्वी पेणला येऊन गेली. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तशीच आली होती, गळ्यात कार्ड लटकत होतं. तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुझ्यावर पुस्तिका काढायचं ठरवलंय. कोणी कविता देणार, कोणी फोटो. मला म्हणाली, "मामा, पहिलं पान तुमचं. तुम्ही मॅडमसाठी चौथीतून शाळा सोडलीत ते लिहा. आम्हाला सगळ्यांना माहीत हाय, पण तुमच्या हातचं पायजे."

मी हो म्हणालो. तिला चहा पाजला, आपला गणपतीचा कारखाना दाखवला. ती गेल्यावर वही घेतली. आज पाचवा दिवस. ते लिहिता येत नाही, कारण ते खरं नाही.

मी तुझ्यासाठी शाळा सोडली नाही. आणि तुला हाताला धरून शाळेत नेलं ते तुझ्या भल्यासाठी नेलं नाही. या दोन गोष्टी मी कोणाला बोललो नाही, तुला तर नाहीच. तू गेलीस, तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. आता गप्प बसलो तर तुझ्या फोटोच्या शेजारी माझं खोटं छापलं जाईल. म्हणून लिहितो. रेश्माने छापायचं तर सगळं छापावं. निम्मं कापणार असाल तर नको.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "दादा, उगाच फिरू नको. आधी काय झालं, मग काय झालं, तसं लिही." तुझं आयुष्य त्याच्यातच गेलं. आधी काय, मग काय.

गुरुवारी आमच्याकडे रंगकाम बंद असतं. त्या दिवशी मी पेणहून यष्टी धरायचो, रोह्याला उतरायचो, पूल ओलांडून चालत अष्टमी गावात तुझ्या घरी. म्हणायचो, बहिणीकडे जेवायला जातो. जेवायला जात होतोच. पण तुझी बारावीची पोरं चार वाजता ओटीवर जमायची, त्यांच्यामागे दाराला टेकून मी बसायचो, ते कोणाला सांगत नव्हतो. या वयात बहिणीच्या शिकवणीला बसतो म्हटल्यावर कारखान्यातली पोरं हसली असती. पेणमध्ये माझं नाव आहे. गणपतीचे डोळे बघायचे तर माझ्याकडे या, असं लोक म्हणतात. असा माणूस अष्टमीला ओटीवर बसून ए बी सी करतो, हे शोभत नव्हतं.

पोरं खांब, कोलाड या गावांची, मराठी शाळेतली. हुशार होती, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मान खाली. तू फळ्यावर लिहायचीस आणि आपल्या भाषेत सांगायचीस.

"घरी आपण काय म्हणतो? जेवून निघालो. म्हंजे जेवण आधी पुरं झालं, निघालो मग. जेवणारा तोच, निघणारा तोच. म्हणून दोनदा 'मी, मी' करत नाय आपण. इंग्रजीत हॅविंग हेच काम करतं. हॅविंग ईटन, आय लेफ्ट. हॅविंग दिसलं की समजायचं, हे काम आधी संपलेलं हाय."

मी मागून म्हणालो, "मग सोपं हाय की. शब्दाला 'ऊन' लागलं की हॅविंग ठेवायचं."

"दादा, मधी बोलू नको."

"बोलतो. 'ती हसून म्हणाली', यात काय? आधी हसायचं पुरं केलं, तोंड पुसलं, नि मग म्हणाली?"

पोरं हसायला लागली. तू खडू हातात घेऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता पोरांसमोर झाडतेस. तू पोरांना म्हणालीस, "उभे राहा आणि मामांसाठी टाळ्या वाजवा. तुम्ही दरवर्षी हितंच चुकता नि ते चौथी शिकलेल्या माणसाने पकडलं."

मग तू समजावलंस. हसून म्हणाली, बसून जेवली, ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असतात, तिथे हॅविंग बसत नाही. हसणं चालू असताना बोलणं, म्हणून नुसतं लाफिंग. जेवून निघाली, अंघोळ करून आली, इथे पहिलं काम संपलेलं आहे, तिथे हॅविंग. आपलं 'ऊन' दोन्हीकडे चालतं. आपल्याला ऐकून कळतं. इंग्रजीवाल्याला ते वेगळं करून दाखवावं लागतं.

त्या टाळ्यांवर मी आठ दिवस काढले. कारखान्यात मातीचा गोळा मळता मळता पोरांना विचारायचो, "हसून म्हणाली, यात आधी काय झालं सांग." पोरं एकमेकांकडे बघायची. म्हातारा गेला कामातून, असं बोलत असतील. बोलू देत.

पुढे तू पोरांसाठी सरावाच्या वाक्यांची वही लिहायला घेतलीस. तुझं म्हणणं, पुस्तकातल्या वाक्यांत सगळीकडे जॉन आणि बर्फ. खांबच्या पोराने बर्फ बघितलाय तो फक्त मासळीच्या पेटीत. त्याला आधी-मग कळायचं तर त्याच्या ओळखीचं काम पाहिजे. भातलावणी, मिठागर, कंपनीची शिफ्ट, गणपती. गणपतीची वाक्यं तू मला वाचून दाखवायचीस. "व्याकरण माझं, काम तुझं," म्हणायचीस. "काम चुकलं तर सांग."

मी कशाला सोडतोय. खांबच्या त्या उंच पोराने एकदा वाक्य केलं, तू त्याचा अर्थ मोठ्याने वाचलास: उन्हात वाळून त्याने मूर्ती रंगवली. तू विचारलंस, "वाळलं कोण?" पोरगा म्हणाला, मूर्ती. तू म्हणालीस, "तू तसं लिहिलं नायस. तुझ्या वाक्यात रंगवणारा वाळला. ज्याचं नाव गाळलंस तो आणि पुढचा, दोघं एकच माणूस लागतात."

मी म्हणालो, "बरोबर लिहिलंय त्याने. आमच्या कारखान्यात एक हाय तसा वाळलेला. हा काय, हितं बसलाय." तू पदर तोंडाला लावून हसलीस. हसताना तू लहानपणीसारखी दिसायचीस, दात झाकून.

मग मी खरी चूक सांगितली. "उन्हात नाय. शाडूची मूर्ती सावलीत वाळवतात. उन्हात ठेवली तर तडा जातो." तू मान डोलावून सावली लिहिलंस.

आणखी एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे: व्हाइल ड्रॉइंग द आइज, द आर्टिस्ट डज नॉट टॉक. डोळे काढताना कारागीर बोलत नाही. मधलं 'ही इज' तू उडवलं होतंस. काढणारा आणि गप्प बसणारा एकच आहे, मग त्याचं नाव दोनदा कशाला, म्हणालीस. हे वाक्य मी एका झटक्यात पास केलं. बाबांच्या वेळेपासून आपल्याकडे तेच आहे. डोळे काढायला बसलं की कारखान्यात कोणी बोलायचं नाही, रेडिओ बंद, शिंक आली तर बाहेर जायचं.

यंदा श्रावणाच्या आधी तू आणखी एक वाक्य वाचलंस. आधी इंग्रजी, हॅविंगवालं, मग अर्थ. डोळे काढून झाल्यावर कारागिराने अंग रंगवलं.

मी म्हणालो, "खोड."

"का?"

"उलटं हाय. आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग अंग, मग पितांबर, दागिने, नि डोळे शेवटी. डोळे आधी काढले तर अंगाचा रंग त्याच्यावर उडतो. पेणमध्ये एक कारखाना दाखव डोळे आधी काढणारा."

"व्याकरणात बरोबर हाय."

"व्याकरण तुझं. काम माझं. खोड."

पोरं टकामका बघत होती. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. म्हणालीस, "हे एक ऱ्हाऊ दे, दादा."

"का ऱ्हाऊ दे?"

"असंच."

"पोरं पेपरात लिहितील, नि तपासणारा पेणचा निघाला तर? म्हणेल, कोणत्या गाढवाने शिकवलं?"

"म्हणू दे."

मी चप्पल घातली आणि उठलो. भाकऱ्या झाल्या होत्या, वालाचं बिरडं होतं, तरी उठलो. दारातून म्हणालो, "खोडशील तेव्हा येईन." तू फळ्याकडे तोंड केलंस.

पुढचे तीन गुरुवार मी आलो नाही. तिसऱ्याला तुझा फोन आला. "दादा, येतोस का रे?" मी विचारलं, "खोडलंस?" तू म्हणालीस, "नाय." मी म्हणालो, "मग नाय येत." तू म्हणालीस, "बरं. गोळ्या वेळेवर घे," आणि ठेवलास.

चौथ्या गुरुवारच्या आत तू गेलीस. सकाळी दारातल्या तुळशीला पाणी घातलंस, ओटीवर टेकलीस, आणि संपलं. नीताचा फोन आला तेव्हा मी एका गणपतीच्या सोंडेला रंग देत होतो. "मामा, आई गेली." मी म्हणालो, "कुठे?" असं विचारलं मी, इंदू.

आता ती गोष्ट लिहितो जी माझ्या लक्षात होती आणि नाही असं दाखवत होतो. ते वाक्य चुकीचं नव्हतं. एक मूर्ती तशी झाली होती. डोळे आधी, अंग मग. ती तुलाही माहीत होती, मलाही. म्हणून तू खोडत नव्हतीस. आणि म्हणूनच मी खोड म्हणत होतो.

पण त्याच्या आधी शाळेचं. तुझ्या पद्धतीने.

मी शाळा सोडली कारण मला शाळा आवडत नव्हती. पाढे येत नव्हते, गुरुजींची छडी येत होती. मी खाडीवर जायचो, मिठाचे ढीग बघत बसायचो, नाहीतर कारखान्यात माती तुडवायचो. बाबांनी दोनदा कान धरून नेलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, हात तरी चालव." एवढंच घडलं. तू तेव्हा दारात मातीची चूल मांडून खेळत होतीस. तुझ्या शाळेचा कोणाच्या डोक्यात विचारही नव्हता.

हे तुला कळलं होतं. कधी कळलं तेही मला माहीत आहे. आधारवर माझं वय कमी लागलं होतं. पंचाहत्तरी झाली तरी कंडक्टर फुकट बसू देईना, मी दर वेळी भांडायचो. तू म्हणालीस, जुना दाखला काढू. मला शाळेच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या, तर तूच पेणच्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला आणलास. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिलास. जन्मतारीख बघितली, खाली बघितलं. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर. सोडल्याची तारीख बघितली. तुझं नाव शाळेत पडायच्या दोन-अडीच वर्षं आधीची.

तू शिकलेली बाई. पोरांच्या वह्या तपासून तुझं आयुष्य गेलं. तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल? तू म्हणालीस, "तारीख बरोबर हाय बघ. आता कंडक्टरशी भांडू नको." आणि चहा ठेवायला आत गेलीस.

त्याच्या आधी तू दर समारंभात ती गोष्ट सांगायचीस. तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तर सांगता सांगता रडलीस, मला स्टेजवर बोलावून पाया पडलीस, सगळी शाळा उभी राहिली. दाखल्यानंतर तू ती गोष्ट कधीच सांगितली नाहीस. मी बघत होतो. एकदाही नाही. आणि मी काय केलं? त्याच वर्षी मूर्तिकारांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला, तू पहिल्या रांगेत बसली होतीस, आणि मी माइकवर तीच गोष्ट सांगितली. बहिणीसाठी शाळा सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. माझ्याकडे बघत वाजवल्यास.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात तू विचारलंस, "दादा, आपल्याकडे बाबांनी ती डोळ्यांची मूर्ती कोणाला दिली होती रे?" मी म्हणालो, "कसली मूर्ती? आठवत नाय." तू बाहेर बघत राहिलीस.

अलिबागच्या एका माणसाला दिली होती. आठवतं मला.

तू सहा-सात वर्षांची. मी बारा-तेराचा, दोन वर्षं कारखान्यात घासलेला. बाबांच्या शेजारी जो पाट असायचा त्याच्यावर बसायची माझी धडपड होती. तिथे बसणाऱ्याच्या हातात बारीक ब्रश यायचा. बाबा मला डोळे काढू देत नव्हते. फुटक्या मूर्त्यांवर हात बसव, म्हणायचे. मी बसवायचो. बसत नव्हता. एक डोळा बरा यायचा, दुसरा त्याच्याकडे चिडून बघितल्यासारखा.

बाबा जेवायला गेले होते. मीही गेलो होतो. परत आलो तर तू पाटावर उभी. पांढरा हात दिलेली एक मूर्ती होती, अजून अंगाला रंग नव्हता, आणि तिला तू डोळे काढले होतेस. दोन्ही. बाहेरच्या कोपऱ्याकडून आत, एका ओढीत. वरची पापणी जरा खाली आणलेली, जसा कोणी जेवण झाल्यावर समाधानाने बसतो. पांढऱ्याफटक मूर्तीला नुसते डोळे. ती बघत होती. मी त्या दिवशी पहिल्यांदा मूर्तीपुढून मान फिरवली.

बाबा आले. मला वाटलं, आता तुला फटका. मला तो पाहिजे होता. बाबा उभ्या उभ्या किती वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाळ्या, हे डोळे वाचवून अंग रंगव. एक ठिपका उडाला तर याद राख."

मी रंगवलं. अख्खी दुपार. पापणीच्या कडेकडेने अंगाचा रंग भरत गेलो, श्वास धरून. तुझ्या डोळ्यांच्या इतक्या जवळ मी एवढा वेळ कधी नव्हतो. तू शेजारी बसून विचारत होतीस, "दादा, चांगले हायत का?" मी बोललो नाही. अलिबागचा माणूस आला, चाळीस मूर्त्यांतून त्याने तीच उचलली. बाबा त्याला सांगत होते, "पोरीने काढलेत." तसा आवाज माझ्यासाठी कधी लागला नव्हता. रात्री जेवताना म्हणाले, "उद्यापासून इंदी माझ्या शेजारी बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो. ज्या गुरुजींना बघून मी गल्ली बदलायचो, त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "माझ्या बहिणीला शाळेत घ्या." गुरुजी आधी एकदा तुझ्यासाठी येऊन गेले होते, बाबांनी त्यांना परतवलं होतं. ते परत आले. बाबा नाहीच म्हणत होते. तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, "बाबा, माझ्या वाटची शाळा तिला द्या."

हे ते वाक्य. गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई रडायला लागली. बाबांनाही नाही म्हणता येईना. सगळ्या आळीत झालं, भाऊ असावा तर असा. तू त्या गोष्टीत मोठी झालीस.

तुला जायचं नव्हतं. तुला ब्रश पाहिजे होता. तू खांबाला धरून बसलीस, मी तुझी बोटं एकेक करून सोडवली. "दादाने बोट धरून शाळेत नेलं," असं तू भाषणात म्हणायचीस. बोट नव्हतं, मनगट होतं. लाल झालं होतं. तुला ते आठवत असणार, तरी तू बोट म्हणायचीस.

संध्याकाळी मी बाबांच्या शेजारच्या पाटावर बसलो.

आता पुढे जे झालं ते चांगलं झालं. तू शिकलीस, नोकरी लागली, अष्टमीला घर केलंस. तुझ्या हाताखालून गेलेली पोरं कंपन्यांत आहेत, दवाखान्यात आहेत, एक तर तिकडे परदेशात आहे, तिने तुझ्या तेराव्याला व्हिडिओवरून हात जोडले. तुझ्यासारखी बाई कारखान्यात बसली असती तर त्यांना कोणी शिकवलं असतं? हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं. पण ते मी ठरवून केलं नव्हतं. मी ठरवून केलं ते वेगळं होतं. चांगलं निघालं ते तुझ्या कष्टाने.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. तू रिटायर झालीस त्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस कारखान्यात आलीस. पोरं नव्हती, आपण दोघंच. मी डोळे काढत होतो. तू शेजारी बसलीस, काही बोलली नाहीस, नियम तुला माहीत होता. माझी एक मूर्ती झाली तशी तू हात पुढे केलास. म्हणालीस, "एक दे ना रे. एकच. लहानातली दे, मागच्या रांगेतली."

मी म्हणालो, "तुझे हात आता खडूचे, गो. बिघडेल. गिऱ्हाइकाची मूर्ती हाय."

तू हात मागे घेतलास. "व्हय, खरं," म्हणालीस. साडीला हात पुसलेस. हाताला काही लागलं नव्हतं.

खडूचे हात म्हणून नाही दिला, इंदू. चांगले आले असते म्हणून नाही दिला.

तुझी वही नीताने तेराव्याला माझ्याकडे दिली. म्हणाली, "मामा, यातली गणपतीची वाक्यं तुम्ही बघत होतात ना?" मी घरी येऊन उघडली. ते वाक्य आहे तसं आहे. खोडलेलं नाही. खाली पोरांसाठी मराठीत अर्थ, आणि बाजूला पेन्सिलने तुझ्या बारीक अक्षरात लिहिलंय: दादा चिडणार. चिडू दे.

मी हसलो. एकटाच होतो, मोठ्याने हसलो. मग वही मिटली.

तुझा नियम मी विसरलेलो नाही. नाव गाळायचं तर दोन्ही कामं एका माणसाची पाहिजेत. त्या मूर्तीत दोन माणसं होती. मी साठ वर्षं एकाचं नाव गाळलं. म्हणून इथे सगळं लिहितो. डोळे इंदूने काढले. अंग मी रंगवलं.

आणि शेवटचं, जे लिहायला पाच दिवस लागले. त्या दुपारी पापणीच्या कडेने रंग भरताना मी ते डोळे शिकलो. बाहेरून आत, एका ओढीत, वरची पापणी जरा खाली. बाबांनी मला तसे शिकवले नव्हते, बाबांचे डोळे उघडे, गोल असायचे. लोक पेणला येऊन ज्याला माझा डोळा म्हणतात, ज्याच्यासाठी माझं नाव आहे, तो मी तुझ्याकडून उचलला. माझ्या कुठल्याही मूर्तीचा तुझ्याइतका आला नाही. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. सहाव्या वर्षी चांगला होता.

रेश्मा म्हणत होती, पुस्तिकेच्या कार्यक्रमात मला शाल द्यायची आहे, त्यागाबद्दल. शाल आणू नये. मी येईन, खाली पोरांत बसेन. हे सगळ्यांसमोर वाचायचं असेल तर वाचावं, माझ्या तोंडावर.

काल नागोठण्याची एक बाई मूर्ती नोंदवायला आली. दरवर्षी येते. नमुन्याच्या मूर्तीपुढे उभी राहिली आणि नेहमीचं बोलली, "अंग कोणीपण रंगवा, काका, पण डोळे तुम्हीच काढा. तुमच्यासारखे डोळे नायत कोणाचे."

मी म्हणालो, "काढतो मी. पण हायत ते माझ्या बहिणीचे."

"बहिणीचे? इतकी वर्षं बोलला नायत कधी."

"नाय बोललो."

"कुठे असतात त्या?"

"अष्टमीला," मी म्हणालो. आणि नोंदीची वही पुढे ओढली.